करंजीच्या घाटातली औटकी

आपल्या कामाला कंटाळलेली माणसं अलीकडे माझ्याकडे सल्ल्याला येतात. परवा पोस्टातले एक गृहस्थ आले. म्हणाले, "मास्तर, शिक्के मारून मारून मनगट गेलं. तुम्ही कसं हो एवढं धाडस केलंत?" मी घसा खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात आतून आमच्या मंडळींचा, म्हणजे मार्थाचा, आवाज आला.

"धाडस त्यांनी नाही केलं. ते नुसते मोटारीला लोंबकळले."

यात खोटं काही नाही. पण संपादकांनी लेख माझ्याकडून मागितला आहे, मार्थाकडून नाही. तेव्हा निदान कागदावर तरी लोंबकळणाऱ्याची बाजू आधी ऐकून घ्यावी.

मी मिशनच्या मराठी शाळेत दुसरीचा मास्तर होतो. एक तपभर दुसरीचाच. दरवर्षी मुलं पास होऊन तिसरीत जायची. दुसरीत राहणारा मी एकटाच. जूनमध्ये हातच्याची बेरीज, दिवाळीच्या आत वजाबाकी, नाताळापर्यंत पाढे, मग उजळणी, मग परीक्षा, की पुन्हा हातच्याची बेरीज. दोष मुलांचा नव्हता. मुलं नवी असत, त्यांचे शेंबूडसुद्धा नवे असत. जुना झालो होतो तो मी. जेवताना मार्थानं विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे का?" तर मी म्हणालो, "शाबास. बस खाली." ती उभीच होती. तशीच बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

मार्था स्वतः सातवीची फायनल परीक्षा पास. लग्नाआधी शेवगावला मुलींच्या शाळेत शिकवत होती. लग्न झालं, आमची मेरी झाली, आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. माझ्या वर्गातली अडलेली पोरं मात्र संध्याकाळी तिच्या चुलीपाशी बसून गणित समजून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर उत्तर द्यायची. आपल्या शिकवण्याला काय गुण येतो, असं मला वाटायचं.

आमचं गाव शेवगाव-नगर रस्त्यावर. करंजीचा घाट उतरून तिसगावकडे निघालं की मध्येच लागतं. शाळा अगदी रस्त्याला लागून. रोज सकाळी एक मोटार शेवगावहून नगरला जायची आणि दिवस कलला की परत यायची. ती गेली की वर्गातली सगळी मुलं खिडकीशी धावायची. मी त्यांना ओरडायचो, आणि ओरडण्यासाठी म्हणून स्वतःही खिडकीशी जायचो.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशावर चालू लागल्या. हे आता पोरांना सांगितलं तर ती हसतात, म्हणून जरा नीट सांगतो. मोटारीच्या पाठीला माणसाएवढ्या उंचीची पत्र्याची भट्टी जोडलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि बाजूच्या पंख्याचं हँडल फिरवत राहायचं. निखारा धरला की त्यातून गॅस निघे. नळीच्या तोंडाशी काडी लावून बघायची. निळी ज्योत धरली तर गॅस झाला, नाहीतर पुन्हा हँडल. तो गॅस नळीनं इंजिनात जायचा आणि मोटार चालायची. म्हणजे सपाटीवर चालायची. चढ आला की दमेकऱ्यासारखी धाप टाकायची आणि करंजीच्या घाटात तर अर्ध्यावर बसकणच मारायची. मग उतारूंनी खाली उतरून ढकलायचं, हा रिवाज. तिकीट काढून मोटार ढकलणारे लोक मी तेव्हा पाहिले, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

हँडल मारणं, राख काढणं, तिकिटं देणं, पोती टपावर चढवणं, ही सगळी कामं कंडक्टरची. आमच्या मोटारीचा कंडक्टर लष्करात भरती झाला. ड्रायव्हर बाबूभाई नगरचे, पान खाऊन खाऊन ओठ विटेसारखे झालेले. एका उन्हाळ्यात, परीक्षा झाल्या त्याच आठवड्यात, ते पाणी प्यायला शाळेशी थांबले.

"मास्टर, मालकाला लिहितावाचता माणूस पाहिजे. तुमच्या शाळेत कुणी मोठं पोरगं आहे काय?"

"आहे," मी म्हणालो. "मीच."

ते हसले. मीही हसलो. मग ते हसायचे थांबले, कारण मी टोपी घालून आलो होतो.

मालकानं सांगितलं, सुट्टीभर काम करून बघा. शाळा उघडायच्या आत काय ते नक्की सांगा, मग कायम करतो. अडचण एकच होती, पण मोठी. आम्ही राहत होतो ती खोली शाळेची. मास्तरकी सोडली की खोलीही सोडायची, आणि लढाईच्या दिवसांत बाहेर खोली मिळणं म्हणजे पेट्रोल मिळण्यातलाच प्रकार. मार्था म्हणाली, "तुम्ही मोटारीत निजाल. मी आणि मेरीनं टपावर निजायचं का?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. म्हणून मी संध्याकाळच्याच मोटारीनं शेवगावला मुक्कामाला गेलो आणि पहाटे उठून हँडल मारू लागलो. उत्तर नसलं की काम जोरात करता येतं.

दुसरी अडचण म्हणजे मामा, मार्थाचे वडील. निवृत्त हेडमास्तर. निम्म्या तालुक्यातले मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले आणि निम्म्यांचे तळहात त्यांच्या छडीखालून. मला नोकरी त्यांच्या शब्दावर लागली होती. ते शेवगावच्या पलीकडे राहत. सुट्टीत जावई दिसत नाहीत म्हणून त्यांनी चौकशी केली तेव्हा मार्था म्हणाली, "ते हल्ली नगरला असतात." खोटं नव्हतं. रोज दुपारी मी नगरला असायचोच. "काही शिकायला गेलेत का?" "हो, बरंच शिकायचं आहे म्हणतात." हेही खोटं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी उतारूंची हजेरी घेतली. माणसं बसलेली, यादी हातात, तोंडातून आपोआप निघालं. शेवगावच्या स्टँडावर एकेक फेटेवाला उठून "हजर" म्हणायला लागला. बाबूभाईंनी कपाळावर हात मारला. पुढे एक पाटील विडी ओढत होते, त्यांच्या धुरानं एक बाळ खोकत होतं. मी मागूनच गरजलो, "कोण आहे रे तो? अंगठे धर!" पाटलांनी विडी टाकली आणि खरोखरच अर्धेमुर्धे वाकले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला नातवंडं आहेत. त्यांची समजूत काढता काढता तिसगाव आलं.

घाटाच्या पायथ्याशी आमच्या मोटारीतली माणसं अचानक म्हातारी व्हायची. म्हातारे, आजारी आणि लेकुरवाळ्या यांनी बसून राहायचं, बाकीच्यांनी उतरायचं, असा नियम. तोवर जत्रेतल्या कुस्तीच्या बाता मारणाऱ्याच्या गुडघ्यात कळ यायची. अंडी आणि कोंबड्या घेऊन नगरच्या बाजाराला जाणारी आमच्याच गावची गयाबाई तेवढी नियमानं बसून राहायची आणि वरून सगळ्यांवर देखरेख करायची.

"आरं, हात लावतुयास का गाडी कुरवाळतुयास? जोर कर की मुडद्या!"

आधीचा कंडक्टर शिव्यांच्या जोरावर मोटार चढवायचा, असं मला कळलं. माझी पंचाईत झाली. मला शिव्या येत नव्हत्या असं नाही, पण त्या मोठ्यानं म्हणायचा सराव नव्हता. ढकलणाऱ्यांचा जोर एका वेळी लागत नव्हता. एक रेटायचा तेव्हा दुसरा घाम पुसायचा. मोटार जागची हलेना. शेवटी जे एकच मला मोठ्यानं म्हणता येत होतं ते मी म्हणालो.

"बे एके?"

क्षणभर कुणाला कळेना. मग दोन-तीन इयत्ता शिकलेला एक जण सवयीनं ओरडला, "बे!" आणि ओरडताना त्याचा जोर लागला. "बे दुणे?" "चार!" चौघं-पाच जण झाले. "बे त्रिक?" "सहा!" मोटार हलली. मी विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं आणि उत्तरावर रेटा द्यायचा. बेचा पाढा संपेपर्यंत पहिलं वळण मागे पडलं होतं.

त्या दिवसापासून आमची मोटार पाढ्यांवर चढू लागली. जे कधी शाळेत गेले नव्हते ते ऐकून ऐकून शिकले. मलाही या धंद्यातलं थोडंफार कळायला लागलं. खडा चढ असेल तिथे सोपा पाढा धरायचा. मी एकदा हौसेनं एकोणीसचा काढला; उत्तरं दहा तोंडांतून दहा निघाली, जोर चहूकडे फाकला आणि मोटार मागे आली. तेव्हापासून एकोणीस घाटात वर्ज्य. पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे, मात्र छान चालत, त्यांना ठेका असतो. बाजाराला जाणाऱ्या बायका "बे दिडे तीन" अशा म्हणायच्या की शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी टोपी काढली असती. लढाईनंतर पेट्रोल आलं, भट्टी निघाली, आणि आता घाट कधी चढला ते झोपलेल्या माणसाला कळतही नाही. बरंच झालं. पण त्या वळणावर आलं की माझे ओठ अजून हलतात.

असो. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले होते. मालक विचारत होते, मार्था विचारत होती, मी हँडल मारत होतो. अशात एके सकाळी शेवगावच्या स्टँडावर मी राखेनं माखून भट्टीपाशी उभा, डोक्याला फडकं, आणि समोरून मामा आले. काळा कोट, पांढरा फेटा, काखेत छत्री.

मी भट्टीमागे सरकलो. बाबूभाईंना खूण केली की यांना पुढे बसवा, तिकीट तुम्हीच द्या.

"का हो मास्टर? सावकार आहे काय तुमचा?"

"सासरा आहे."

"तौबा," बाबूभाई म्हणाले आणि मामांना असं अदबीनं पुढे घेऊन गेले की जणू लाटसाहेबच.

आमच्याकडे जावई सासऱ्यापुढे आवाज चढवून बोलत नाही. मी तर लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे "हो" आणि "बरं" याखेरीज काही बोललो नव्हतो. तोंड काळं होतं हे एक बरं होतं. आमच्या गावाशी मोटार थांबली. रोजच्यासारखी मार्था भाकरीचं फडकं घेऊन आली आणि पुढच्या बाकावर वडील बघून जागीच थिजली.

"बाबा! तुम्ही कुठं निघालात?"

"नगरला. मिशनच्या साहेबांना भेटतो. जावयांना चौथीचा वर्ग द्या म्हणून सांगतो. किती वर्षं दुसरीत ठेवणार? आणि हे फडकं कुणाला?"

मार्थानं माझ्याकडे पाहिलं नाही. "कंडक्टरला," ती म्हणाली. "बिचाऱ्याला घरदार नाही." आणि फडकं असं काही माझ्या हातात आपटलं की भाकरीचे तुकडे झाले.

घाटाच्या पायथ्याशी सगळे उतरले. मामांना बाबूभाईंनी हात जोडले, "आपण बसा, साहेब." मामा म्हणाले, "मी पेन्शनीत निघालो आहे, मोडीत नाही." छत्री बाकावर ठेवून ते मागे आले आणि भट्टीच्या उजव्या अंगाला मोटारीच्या पत्र्याला हात लावून उभे राहिले, माझ्यापासून वीतभर अंतरावर. ढकलणार सासरा आणि हुकूम सोडणार जावई. मी तोंड मिटून घेतलं आणि नुसतं "हं, हं" करत रेटू लागलो.

पहिलं वळण कसंबसं झालं. दुसऱ्याला जोर फाकला. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, मी भट्टीकडे.

वरून गयाबाई ओरडली, "आवं मास्तर, पाढा म्हना की! आज काय दातखिळी बसली व्हय?"

मामांनी मान वळवली. "मास्तर?"

तेवढ्यात इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. मोटार थांबली, आणि मग हळूच मागे यायला लागली. बाबूभाईंचा ब्रेक लागेना, चाकाखाली दगड टाकायला कुणाचा हात मोकळा नाही, आणि मामांचा एक पाय मुरमात घसरलेला. वर्गाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा आवाज माझ्या तोंडातून मला न विचारता निघाला.

"बे एके?"

"बे!"

मोटार थबकली. "बे दुणे?" "चार!" "बे त्रिक?" "सहा!" ती जागा सोडू लागली. बेचा झाला, तीनचा धरला, आणि तीन पाचावर भट्टीच्या धुराचा लोट माझ्या घशात गेला. मी खोकत सुटलो. प्रश्न थांबला, रेटा थांबला. आणि शेजारून, ज्या आवाजाला अर्धा तालुका घाबरे त्या आवाजात, प्रश्न आला.

"औट एके?"

औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. जुन्या शाळेत घोटून घेत. त्या मोटारीत तो कुणाला येत नव्हता. मामा समोर बघत होते, पण प्रश्न कुणाला होता ते उघड होतं.

"औट," मी खोकत म्हणालो. लोकांनी रेटा दिला.

"बे औटे?"

"सात!"

"तीन औटे?"

"साडेदहा!"

तिथून माथ्यापर्यंत आम्ही दोघंच बोलत होतो. ते विचारत, मी सांगत, आणि माझ्या उत्तरावर अख्खी मोटार ढकलत होती. एवढी अवघड परीक्षा मी ट्रेनिंग कॉलेजातही दिली नव्हती. तिथं उत्तर चुकलं तर फार तर मार्क जातात, इथं मोटार अंगावर आली असती. सहा औट्याला मी अडखळलो. गयाबाईनं वरून "द्येवा रं!" म्हटलं. "एकवीस!" मी ओरडलो आणि माथा आला.

सगळे रस्त्याच्या कडेला बसले. मामा एका दगडावर बसले, फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. पाणी प्याले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा औट्याला चुकत होतात."

"हो, मामा."

"तर हे शिकायला तुम्ही नगरला असता."

"हो."

"मी साहेबांना आता काय सांगू? चौथी द्या म्हणू?"

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना "हो" आणि "बरं" सोडून काहीतरी बोललो. "चौथी नको, मामा. मला शाळाच नको. मी वाईट मास्तर नाही, पण मी तिथं सुकत चाललोय. इथं अंग काळं होतं, पण रात्री झोप लागते."

त्यांनी फेट्याचा शेव नीट खोचला. मग म्हणाले, "तुम्हाला झोप लागेल. माझ्या लेकीनं कुठं निजायचं? खोली शाळेची आहे. या भट्टीत संसार मांडणार का?"

पुन्हा तोच प्रश्न, म्हणून मी पुन्हा हँडलाशी जाऊन उभा राहिलो. खिडकीतून कोंबड्यांच्या पाटीसकट गयाबाई बाहेर वाकली.

"आवं दादा, लेक शिकल्याली हाय न्हवं? मंग तिलाच बसवा की खुर्चीवर. आमच्या नातवाला तर तिनंच शिकिवलं. ह्ये नुसतं हजेरी घ्यायचं."

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," मामा म्हणाले.

"न्हाई बोलत," गयाबाई म्हणाली. "म्या कोंबड्यांशी बोलत हुते."

नगर येईपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते. उतरताना छत्री विसरले, ती मी मागे धावत जाऊन दिली.

दिवस कलता ते परतीच्या मोटारीला आले आणि यावेळी मागच्या बाकावर, माझ्याजवळ बसले. मी विचारायचं धाडस केलं नाही. आमचं गाव आलं. मार्था दारात उभी होती, मेरी तिच्या कडेवर. बापाचा आणि नवऱ्याचा चेहरा शेजारी शेजारी बघून तिला सगळं कळलं. पदर खोचून ती बोलणी खायला तयार झाली.

"मार्था," मामा खिडकीतून म्हणाले, "साहेबांशी बोललो. यांच्या जागी तुला घेतात. खोली तुझ्याच नावावर राहील. फायनलचा दाखला घेऊन शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं."

मार्थानं मेरीला कडेवरून खाली उतरवलं. "मला विचारलं का कुणी?" ती म्हणाली.

अख्खी मोटार ऐकत होती. मामांनी घसा साफ केला. निम्म्या तालुक्याला प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला हा एक प्रश्न जड गेला. "विचारतो," ते म्हणाले. "करशील का?"

"करीन. पण मेरी वर्गात माझ्याजवळ बसेल. आणि रविवारचा स्वयंपाक ह्यांनी करायचा."

"त्यांना येतो का?" मामांनी विचारलं.

"शिकतील. ते नगरला शिकायलाच जातात ना."

शाळा उघडली त्या दिवशी आमची मोटार नेहमीच्या वेळेला गावात आली. गयाबाईचं पोतं टपावर टाकताना मला खिडकीतून वर्ग दिसत होता. मार्था आत आली. पांढरं लुगडं, हातात हजेरीचं पुस्तक. सगळी मुलं खाडकन उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "नमस्ते, बाई!" माझ्यासाठीही मुलं दरवर्षी अशीच उभी राहत, पण एवढ्या जोरानं नाही. कुणी इकडेतिकडे बघितलं नाही, जुने मास्तर कुठं गेले म्हणून विचारलं नाही. मार्था फळ्याकडे वळली, खडू उचलला, आणि मोटारीचा आवाज ऐकून एकाही पोरानं खिडकीकडे मान फिरवली नाही. मलाच तेवढं तिकडे बघत राहावंसं वाटलं.

"मास्टर," बाबूभाईंनी पुढून हाक मारली, "सोडू काय गाडी?"

उतारू वाट बघत होते. आत मार्थानं फळ्यावर लिहिता लिहिता मागे न बघताच हात हलवला. मला की माशीला, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

"सोडा," मी म्हणालो.